मंजूर भार

निकोडे साहेबांनी कागद माझ्याकडे फिरवला.
बारा लाखांचे तीन रस्ते:
दहा वर्षं, चौदा हजार आठशे अठ्ठ्याहत्तर.
पंधरा वर्षं, अकरा हजार आठशे सतरा.
वीस वर्षं, दहा हजार चारशे चौदा.
"सांगा," म्हणाले, आणि पोराला चहा सांगितला.

मी लाइनमन. नेर सबस्टेशन, एकोणीस वर्षं.
आकडे काढण्यात हयात गेली, पण ते तारांवरचे.
हे कागदावरचे होते.
दहा, मी म्हणालो.
वीस वर्षांत व्याजच तेरा लाख जात होतं,
म्हणजे एक घर आपलं
आणि एक बँकेला बांधून द्यायचं.
शिवाय शेजारच्या खुर्चीत तलाठी बसलेला,
त्याच्यासमोर लहान आकडा तोंडातून निघेना.

रत्नमाला तिथे गप्प राहिली.
बाहेर, गाडीच्या सीटवरची धूळ पदरानं पुसत म्हणाली,
"अवो, अर्ज द्याच्या आधी भरून तं पाहू."
काय भरून पाहू?
"हप्ता. घर नाई, कर्ज नाई, नुसता हप्ता.
आताचं भाडं वजा करा, तेवढं तं वाचनच.
राह्यले अकरा हजार तीनशे अठ्ठ्याहत्तर.
दर पाच तारखेले पोस्टात."

डिसेंबर गेला. जानेवारी गेला.
मी पासबुक मित्रांना दाखवायचो,
जसा कुणी पोराचा पहिला नंबर दाखवतो.
फेब्रुवारीत तिनं रात्री बारापर्यंत पिको-फॉल केला, मी पाहिलं नाही.
मार्चमध्ये विम्याचा हप्ता होता. मी पाहिलं, बोललो नाही.
एप्रिलमध्ये दिग्रसला साळ्याचं लग्न.
मे महिन्यात कूलरची मोटर जळली,
आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं,
आणि पाच तारखेला पोस्टात गेले सहा हजार दोनशे.
जूनमध्ये पोरीची पुस्तकं.
पासबुकात पहिल्यांदा दुसरा रकाना भरला: काढले.

त्याच मे महिन्यातली एक रात्र.
चिखलीच्या डीपीचा फ्यूज तिसऱ्यांदा उडाला.
गावात सेहेचाळीस डिग्री, घराघरात कूलर,
पोरं बनियनवर डीपीभोवती.
"जाड तार टाक ना बे, दरवेळेस काय बारीक टाकतं!"
मी टाकली नाही.
जाड तारेनं फ्यूज वाचतो, डीपी जळते,
मग पंधरा दिवस अंधार, आणि शिव्या मलाच.
अर्धं गाव बंद ठेवून अर्धं चालू केलं, आळीपाळीनं.
घरी आलो तर दोन वाजले होते.
शिलाई मशीनवर पासबुक उघडं पडलेलं
आणि ती खाली जमिनीवर झोपलेली, कूलर नव्हता म्हणून.

मी बराच वेळ उभा राहिलो.
माझ्याच घरात मी जाड तार टाकत होतो.

सकाळी म्हटलं, चल, वीस करू. सुटू.
ती भाकर थापता थापता हसली.
"आता दुसऱ्या टोकाले पळू नका.
वीस वर्षांनी तुम्ही चौसष्टचे, पगार कोण देईन?
पंधरा घ्या."
माझे चौदाच राहिले, अठ्ठावन्नला सुट्टी.
"ते एक वरीस दिवाळीच्या बोनसनं खाऊ,
दरसाल थोडं थोडं मुदलात टाकू.
साहेबाले इचारा फक्त, आधी भरलं तं दंड लागते काय."

दंड लागत नव्हता. व्याज बदलतं होतं,
त्याचं काय, याचं उत्तर साहेबांकडेही नव्हतं,
माझ्याकडे नाही, कुणाकडेच नाही.
"पंधरा? तुम्ही तर दहा म्हणत होते."
तलाठी आज नव्हता.
असता तरी, असं मला वाटतं, मी पंधराच म्हणालो असतो.

पोस्टातले पैसे तसेच ठेवले. तीन हप्त्यांइतके,
पावसाळ्यात छत्री दाराशी असते तसे.

तहसीलमागच्या ले-आउटमध्ये स्लॅब पडला
त्या आठवड्यात मीटरचा फॉर्म भरायला बसलो.
दुसऱ्यांचे शेकडो भरलेत, आपला पहिलाच.
मंजूर भार, या रकान्यापाशी पेन थांबला.
दोन किलोवॅट, लिहिलं.
तिनं खांद्यावरून वाकून पाहिलं.
"कूलर धरला ना?"
धरला.